आख्खी जमीन बदलायची, की एक चरा भरायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : तीन वर्षांपूर्वी आम्ही हॉलमध्ये लाकडी फ्लोअरिंग करून घेतलं. बरीच वर्षं मनात होतं, त्यासाठी वेगळे पैसे साठवले होते. मागच्या महिन्यात भिंतींना रंग द्यायचा म्हणून लोखंडी कपाट हलवलं. धाकटे दीर मदतीला आले होते. मी 'उचलून घ्या' म्हणेपर्यंत त्यांनी ते ओढलं आणि वीतभर लांबीचा खोल चरा पडला. टेबलाच्या पायांचे चार-पाच पोचे आधीपासून होतेच. शिवाय ओट्यासमोरच्या एका फरशीचा जड पातेलं पडून टवका उडालाय. फ्लोअरिंगवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, एवढीच जागा दुरुस्त केली तर डाग दिसणार. सगळी जमीन घासून नव्याने पॉलिश करा, नाहीतर बदला. नवऱ्याला आत्ता खर्च नको आहे. दिरांनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. तेव्हापासून ते घरी आलेले नाहीत. चऱ्यावर सध्या गालिचा टाकलाय. मुलांना हॉलमध्ये खेळू देत नाही. कोणी खुर्ची सरकवली की पोटात गोळा येतो. सगळी जमीन करून घ्यावी का? की आहे तसंच राहू द्यावं? आणि दुरुस्ती केली तर ती अजिबात दिसणार नाही, याची खात्री असते का?

*

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तशी खात्री कोणी देऊ शकत नाही. उत्तम कारागिराने भरलेला चराही, तो कुठे होता हे ठाऊक असलेल्या माणसाला खाली वाकून शोधला तर सापडतो. तुम्हाला तो कायम सापडणार आहे. म्हणून दुरुस्ती जमली की नाही, हे ठरवण्याची कसोटी वेगळी ठेवा. खोलीच्या दारात उभं राहून, नेहमीच्या उजेडात, सहज नजर फिरवली तर ती जागा डोळ्यांत खुपते का? आणि अनवाणी पाय त्यावरून फिरवला तर काही टोचतं का, अडकतं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर काम झालं. ही कसोटी मान्य केलीत, तर तुमच्यासमोरचे पर्याय एकदम वाढतात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे हॉलची जमीन 'खराब झाली'. मला तसं वाटत नाही. तुमच्याकडे तीन वेगळी दुखणी आहेत. पोच्यांमध्ये लाकूड दबलंय, पण जागेवर आहे. चऱ्यात लाकूड कापलं गेलंय, काही भाग निघूनच गेलाय. आणि टवका तर वेगळ्याच वस्तूचा आहे, भाजलेल्या मातीचा. दबलेलं वर आणता येतं. गेलेलं मात्र भरावंच लागतं. तिन्हींना एकच औषध, आणि तेही सगळी जमीन घासण्याचं, हे मला पटत नाही.

पण त्याहीआधी एक शोध घ्यायला हवा. तुम्ही 'लाकडी फ्लोअरिंग' एवढंच लिहिलंय. या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि वरून तिन्ही सारख्या दिसतात. पहिली अस्सल भरीव लाकडाची फळी. दुसरी इंजिनिअर्ड : खाली प्लायवुडसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. तो कधी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असतो, तर कधी चार-सहा मिलिमीटरचा. तिसरी लॅमिनेट : लाकडाच्या भुशातंतूंचा दाबून केलेला घट्ट बोर्ड, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि कागदावर पारदर्शक कठीण थर. लॅमिनेटमध्ये वर दिसणारं लाकूड हे छायाचित्र असतं.

तुमच्याकडे यातलं काय आहे, ते बघायला कुणाला बोलवायची गरज नाही. तुमचा चराच ते सांगेल. खिडकीकडचा पडदा बाजूला करा, हातात टॉर्च घ्या आणि चऱ्याच्या तळाशी नीट पाहा. तिथे तपकिरी, पुठ्ठ्यासारखा एकजीव भुसा दिसला, तर लॅमिनेट. लाकडाच्या रेषा तळापर्यंत एकाच दिशेने गेलेल्या दिसल्या, तर भरीव लाकूड किंवा जाड पापुद्रा. मध्येच रंग बदलून रेषा आडव्या झाल्या, तर वरचा पापुद्रा फाटून खालचं प्लाय उघडं पडलंय. तरीही शंका राहिली तर दाराच्या उंबऱ्याजवळची धातूची पट्टी किंवा स्कर्टिंगचा एखादा तुकडा काढून फळीची कड पाहा. अजून एक खूण आहे. जमिनीवर फिरून एकच गाठ, तंतोतंत तशीच, तीन-चार फळ्यांवर दिसते का ते बघा. झाडाला अशी एकसारखी गाठ दोनदा येत नाही, छापखान्यातून येते.

आता फ्लोअरिंगवाल्याचं म्हणणं तपासू. जमीन लॅमिनेटची असेल, तर ती घासून पॉलिश होतच नाही. पहिल्याच फेरीत चित्राचा कागद उडेल आणि आज एक चरा आहे तिथे आख्खी खोली विटेल. इंजिनिअर्डचा पापुद्रा दोन मिलिमीटरच्या आत असेल, तरीही यंत्राने घासणं धोक्याचं. तीन-चार मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ती एकदा, फार तर दोनदा घासणं सोसते. भरीव लाकूड पुष्कळ वेळा सोसतं. पण तिथेसुद्धा घासायचं म्हणजे चऱ्याच्या खोलीइतकं लाकूड सगळ्या खोलीतून काढून टाकायचं. एका वीतभर चऱ्यासाठी खोलीभर लाकूड झिजवणं मला उधळपट्टी वाटते. संपूर्ण जमीन घासण्याची खरी वेळ येते ती वरचा थर सगळीकडे झिजून लाकूड काळवंडायला लागतं तेव्हा. तीन वर्षांत ती वेळ येत नाही. कारागीर फसवतोय असं मी म्हणत नाही. बहुतेकांना मोठं काम नीट जमतं, त्यांचं यंत्र त्यासाठीच असतं. एक चरा भरायला रंगाची नजर आणि निवांतपणा लागतो, आणि असं काम घ्यायला फारसं कुणी तयार नसतं.

पोच्यांपासून सुरुवात करा. एक तर ते सोपे आहेत, दुसरं म्हणजे तिथे हात बसला की चऱ्याची धास्ती कमी होईल. लाकूड म्हणजे बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा. टेबलाच्या पायाखाली या नळ्या चेपतात, पण तुटत नाहीत. ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की त्यांच्या भिंती नरम पडतात, फुगतात आणि बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. यासाठी सुती कापड भिजवून, पिळून, दुमडून पोच्यावर ठेवा आणि त्यावर मध्यम गरम इस्त्रीचं टोक दहा-पंधरा सेकंद टेकवा. उचला, बघा, पुन्हा टेकवा. इस्त्री तिथे ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही. कापड कोरडं होऊ द्यायचं नाही. तीन-चार फेऱ्यांत फरक दिसू लागतो. दिसला नाही, तर लाकडावरचा पॉलीयुरेथेनचा (पीयूचा), म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पॉलिशचा, थर पाणी आत जाऊ देत नाही असं समजा. भरीव लाकूड असेल तर काही सुतार अशा वेळी पोच्यात बारीक सुईने दोन-तीन टोचे मारतात, म्हणजे वाफ आत शिरते. नंतर ती जागा किमान एक दिवस पूर्ण वाळू द्यावी आणि मगच त्यावर पॉलिशचा हात द्यावा. वाफेने वरच्या थरावर पांढुरकी झाक आली तर घाबरू नका, पुष्कळदा वाळल्यावर ती जाते. जात नाही असंही होतं. म्हणून पहिला प्रयोग कपाटाखालच्या किंवा सोफ्यामागच्या जागी करा.

हे सगळं भरीव लाकडासाठी. इंजिनिअर्डवर हाच उपाय, पण हात राखून : टोचे न मारता, दोन लहान फेऱ्या आणि बस, कारण पापुद्र्याखाली गोंद आहे. लॅमिनेटवर इस्त्री चुकूनही नेऊ नका. आतला बोर्ड पाणी पिऊन फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. लॅमिनेटचा उथळ पोचा, वरचा कागद फाटलेला नसेल तर, आहे तसाच सोडावा असं मी सांगेन.

आता चरा. भरण्याआधी त्याच्या कडा बघा. ओढल्यामुळे झालेल्या चऱ्याला दोन्ही बाजूंनी उचललेले ओठ असतात, लाकडाचे सुटे धागे असतात. मोजे अडकतात ते यांतच, आणि लांबून चरा दिसतो तोही बराचसा या ओठांच्या सावलीमुळे. एखादी लांब कपची सुटली असेल पण एका टोकाला चिकटलेली असेल, तर ती उपटू नका. तिच्याखाली काडीने गोंद सारा, वरून मेणकागद ठेवून वजन ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. तुमच्या लाकडाच्या रंगाचा आणि रेषांचा तो तुकडा बाजारात कुठेही मिळणार नाही. बाकीचे सुटे धागे धारदार चाकूने, चऱ्याच्या आतून बाहेर न ओढता, सपाट कापा. मग मऊ ब्रशने आतली धूळ काढा. एवढं केल्यावर एक दिवस थांबून पाहा. बऱ्याच घरांत चरा इथेच निम्मा कमी दिसायला लागतो.

भरायला मुख्यतः दोन प्रकारचं साहित्य मिळतं, आणि त्यात निवड करताना लोक गोंधळतात. एक मेण, दुसरं लांबी, म्हणजे भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी. मेणाच्या रंगीत कांड्या मिळतात. मऊ मेण बोटाने किंवा पट्टीने दाबून बसतं, पण पायाखाली टिकत नाही, कोपऱ्यासाठी ठीक. कठीण मेण छोट्या तापत्या हत्याराने वितळवून थेंब थेंब भरायचं आणि थंड झालं की प्लॅस्टिकच्या पट्टीने जमिनीलगत खरवडून घ्यायचं. वर्दळीच्या जागीही ते चांगलं टिकतं, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे पसंत पडलं नाही तर काढून पुन्हा भरता येतं. लांबीतले प्रकार म्हणजे पाण्यावर आधारित तयार लाकूड-लांबी आणि दोन भाग मिसळून करायची इपॉक्सी लांबी. पाण्याची लांबी वाळताना आक्रसते, त्यामुळे चरा तीनेक मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर ती दोन थरांत भरावी. इपॉक्सी जवळजवळ आक्रसत नाही आणि दगडासारखी घट्ट होते, पण एकदा बसली की बसली.

तुमच्या जमिनीवर कारखान्यातून आलेला पॉलिशचा थर असणार, आणि तसं असेल तर माझं मत सरळ कठीण मेणाच्या बाजूने आहे. कारण सांगते. लांबी सपाट करायला पॉलिशपेपर लागतो, आणि पॉलिशपेपर कितीही जपून फिरवला तरी चऱ्याच्या आजूबाजूची चकाकी मारतो. मग वीतभर लांबीच्या बारीक रेघेऐवजी हातभर मंद पट्टा दिसू लागतो. फ्लोअरिंगवाला 'डाग दिसणार' म्हणाला तो याच अनुभवावरून. मेणाला पॉलिशपेपर लागत नाही, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र एक पथ्य आहे. मेणावर नंतर वॉर्निश किंवा पीयू धरत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळी जमीन पॉलिश करायचं नक्की असेल, तर मेण न भरता इपॉक्सी लांबी भरा. आणि फेव्हिकॉल-भुश्याचा घरगुती उपाय कुणी सुचवला तर दिसत्या जागी करू नका. गोंद मुरलेल्या भुशाला रंग लागत नाही आणि तो काळपट डाग जन्मभर राहतो.

रंगाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बहुतेक दुरुस्त्या इथे फसतात. एकाच रंगाची कांडी आणू नका. तुमच्या फळीकडे नीट पाहा, तिच्यात निदान तीन छटा असतील : फिकट पार्श्वभूमी, मधली छटा आणि गडद रेषा. दोन-तीन कांड्या आणा आणि थोडं थोडं मिसळा. शंका असेल तेव्हा गडद बाजूला झुका. लाकडात गडद रेषा, गाठी नैसर्गिकच असतात, त्यामुळे गडद ठिपका नजर सहज पचवते. फिकट ठिपका मात्र दुरूनही ओरडतो. रंग जुळला की नाही हे दिवसा खिडकीच्या उजेडात आणि रात्री खोलीतल्या दिव्याखाली, दोन्ही वेळा बघा. दिवसा जुळलेले दोन रंग रात्री फटकून वागू शकतात. भरून झाल्यावर अगदी बारीक ब्रशने किंवा टच-अप पेनने शेजारच्या रेषा चऱ्यावरून पुढे ओढल्या, तर डोळा त्या रेषांच्या मागे जातो आणि चऱ्याची कड हरवते. तुमचा चरा रेषांच्या दिशेने असेल तर हे फार सोपं आहे. रेषांना आडवा असेल तर कष्ट पडतील, आणि तिथे थोडं दिसणार हे धरून चाला.

यातून समाधान झालंच नाही, तर एक किंवा दोन फळ्या बदलणं हा पुढचा पर्याय, आणि सगळी जमीन बदलण्याच्या कितीतरी अलीकडचा. खटक्याने एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या असतील तर जवळच्या भिंतीपासून सोडवत येता येतं. मधलीच फळी कापून काढून, नव्या फळीच्या खाचेची खालची कड छाटून ती गोंदाने बसवणंही शक्य असतं, पण ते काम सवयीच्या हाताचं. अडचण वेगळीच येते. तीन वर्षं उजेड खाल्लेलं लाकूड आणि माळ्यावर खोक्यात पडून राहिलेली फळी यांचा रंग एक राहत नाही. काही लाकडं उजेडाने गडद होतात, काही फिकटतात. अशा वेळी खोलीच्या कोपऱ्यातली, पण उजेडातच राहिलेली एक फळी काढून चऱ्याच्या जागी आणायची आणि नवी फळी कोपऱ्यात लावायची. कपाटाखालची घेऊ नका, तिने उजेड पाहिलेला नाही.

याच कारणाने तुमच्या गालिचाची मला काळजी वाटते. तो चरा झाकतोय, पण त्याखालचं लाकूड उजेडाला मुकलंय. काही महिन्यांनी गालिचा उचलाल तेव्हा चरा असेलच, शिवाय त्याच्याभोवती वेगळ्या रंगाचा एक चौकोनही असेल. गालिच्याच्या पाठीला रबर असेल तर तो आजच काढा, रबराचे डाग काही जमिनींवर कायमचे बसतात. आणि चरा भरल्याशिवाय त्यावर काही झाकायचं असेल, तर आधी ओल्या फडक्याने पुसणं बंद करा. उघड्या लाकडात आणि त्याहून जास्त उघड्या बोर्डात पाणी शिरतं. वरवर सौंदर्याचा वाटणारा हा प्रश्न तिथे खरोखर जमिनीच्या आयुष्याचा होतो.

'आहे तसंच राहू द्यावं का' हेही तुम्ही विचारलंय, आणि तो पर्याय कमी लेखू नका. कडा सपाट केल्या, उघड्या लाकडावर पारदर्शक लॅकरचा किंवा तेलाचा हात दिला, म्हणजे पाणी आणि मळ आत जायचा थांबला, की भरीव लाकडाची जमीन त्या चऱ्यासकट वर्षानुवर्षं चांगली राहील. लॅमिनेटला मात्र ही सवलत नाही. तिथे चरा भरून बंद करायलाच हवा, आणि लवकर.

ओट्यासमोरच्या फरशीचं काम छोटं आहे, पण आधी एक तपासणी करा. नाण्याने किंवा लाकडी दांड्याने फरशीवर ठिकठिकाणी टकटक करा. सगळीकडे भरीव आवाज आला तर टवका वरवरचा आहे. पोकळ आवाज आला तर फरशीखाली मसाला नीट बसलेला नाही. आज टवका भरला तरी उद्या चीर जाईल, म्हणून ती फरशीच बदललेली बरी. भरायचं असेल तर जागा स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळवा, कारण चकाकीखालची माती पाणी धरून ठेवते. मग फरशीच्या रंगाची पूड मिसळलेलं इपॉक्सी किंचित उंचवटा राहील असं भरा. ते रबरासारखं झालं, पण अजून कडक झालेलं नाही, अशा वेळी नवं ब्लेड आडवं धरून उंचवटा कापून टाका. पूर्ण कडक झाल्यावर घासायला गेलात तर भोवतालची चकाकी जाईल. फरशी बदलायची झाली तर आधी चारही बाजूंचे सांधे खरवडून मोकळे करायचे आणि मगच मधून फोडत कडेकडे यायचं, नाहीतर शेजारच्या फरशीचेही टवके उडतात. हे करताना डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर चांगला मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसांना वाईट असते. नवी फरशी घेताना खोक्यावरचा शेड क्रमांक जुन्याशी ताडून बघा. नाव आणि नक्षी तीच असूनही वेगळ्या घाण्यातला रंग वेगळा निघतो.

ज्यांच्या घरी व्हिनाइल किंवा संगमरवर आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. व्हिनाइलचा पोचा वजन काढल्यावर पुष्कळदा आपोआप भरून येतो, थोडे दिवस थांबा. फाटलं असेल तर ठिगळ लावताना नवा तुकडा नक्षी जुळवून फाटक्या जागेवर चिकटपट्टीने बसवा आणि धारदार पात्याने दोन्ही थर एकदम कापा, म्हणजे ठिगळ भोकात अचूक बसतं. विसाव्या शतकाच्या मध्यात बसवलेल्या जुन्या व्हिनाइल टाइल आणि त्यांच्याखालचा काळा चिकटा यांत ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज असू शकतं. अशी जमीन तपासणी झाल्याशिवाय खरवडू नका, घासू नका. संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडून उठलेला मंद डाग हा खड्डा नसतो. आम्लाने दगडाचा वरचा थर खाल्लेला असतो, तो भरून काही होत नाही, दगडाच्या पॉलिशनेच जातो.

आता पोटातल्या गोळ्याकडे वळू. तुम्ही मुलांना हॉलमध्ये खेळू देत नाही, पण तुमच्या पत्रात मुलांमुळे झालेली एकही खूण नाही. खुणा आहेत त्या टेबलाच्या आणि कपाटाच्या. साधा हिशोब करा. भरलेलं कपाट १६० किलोचं धरलं तर चार पायांवर प्रत्येकी ४० किलो. पायाची लोखंडी कड २ चौरस सेंटिमीटर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब. त्याच पायाखाली १० बाय १० सेंटिमीटरचा लाकडी तुकडा ठेवला तर हाच दाब ०.४ किलोवर येतो. कपाट तिरपं करून ओढलं की सगळा भार दोन पायांवर जातो, म्हणजे दुप्पट. उड्या मारणाऱ्या मुलाचा तळपाय त्या मानाने केवढा मोठा आणि किती मऊ! मुलांना आत येऊ द्या. टेबल-कपाटांच्या पायांखाली रुंद टेकण घाला. खुर्च्यांना फेल्टचे चकतीसारखे तुकडे लावा आणि ते अधूनमधून बदला. जुन्या फेल्टमध्ये वाळूचे कण रुततात. वाळूतलं क्वार्ट्झ, खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोहस मापावर, ७ असतं, काचेपेक्षाही जास्त, आणि मग तीच चकती पॉलिशपेपरचं काम करते. दाराशी चांगलं पायपुसणं ठेवलंत, तर जमिनीवर उठणारे पुष्कळसे बारीक ओरखडे उठणारच नाहीत. चाकांची खुर्ची असेल तर तिला कठीण जमिनीसाठीची मऊ चाकं बसवून घ्या. नव्या खुर्चीला अनेकदा गालिच्यासाठीची टणक चाकं असतात. आणि पुढच्या वेळी कपाट रिकामं करून, चौघांनी उचलून, किंवा खाली जाड घोंगडी सारून हलवा.

राहिले तुमचे दीर. त्यांनी पैसे देऊ केले म्हणजे त्यांना मनाला लागलंय. तुम्ही ते घेतले नाहीत, बहुधा भिडेखातर; पण त्यांनी 'वहिनी अजून रागावल्या आहेत' असाच अर्थ घेतला असणार. खरं सांगायचं तर राग आहेही थोडा, आणि तो असायला हरकत नाही, इतक्या वर्षांच्या हौसेवर चरा गेलाय. पण हे ओझं त्यांच्याकडून पैशाने उतरणार नाही, आणि तुमच्या 'असू दे' म्हणण्यानेही नाही. त्यांना फोन करा आणि सांगा, "भाऊजी, चरा आपणच भरायचा ठरवलंय, मेण वितळवायला एक हात कमी पडतोय, रविवारी या." कठीण मेण भरताना एकाने टॉर्च तिरपा धरला आणि दुसऱ्याने भरलं तर काम खरोखरच चांगलं होतं, त्यामुळे हे निमंत्रण खोटं ठरणार नाही. मेणाच्या कांड्या ते घेऊन येतो म्हणाले, तर या वेळी आणू द्या. नवऱ्यालाही सांगा, की मोठ्या खर्चाचा प्रश्न तूर्त उरलेला नाही. तुमच्यातली अर्धी धुसफूस त्या खर्चाभोवती असेल, तर तीही निवळेल.

क्रम असा ठेवा. आज गालिचा उचला आणि चऱ्यातून जमिनीची जात ओळखा. या आठवड्यात कडा सपाट करा, सुटी कपची असेल तर चिकटवा, आणि भरीव लाकूड असेल तर एका पोच्यावर इस्त्रीचा प्रयोग करा. मेण आणाल तेव्हा चऱ्याकडे जाण्याआधी उरलेल्या फळीच्या तुकड्यावर मुद्दाम ओरखडा पाडून तो भरून पाहा. तुकडा नसेल तर सोफ्यामागच्या एखाद्या ओरखड्यावर. चरा भरल्यावर उरलेल्या कांड्यांचे क्रमांक आणि फ्लोअरिंगचा मॉडेल क्रमांक एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

आणि स्वतः करायला हात धजत नसेल, तर कारागीर जरूर बोलवा, पण त्याला दोन प्रश्न विचारा : या फळीचा वरचा थर किती मिलिमीटरचा आहे, आणि चरा नुसता भरायचा झाला तर तुम्ही कशाने भराल? नेमकी उत्तरं मिळाली तर कपाटाखालच्या एखाद्या खुणेवर नमुना करून दाखवायला सांगा. नमुना दाखवायला तयार नसेल, तर दुसरा कारागीर बघा.